बटाटे शिजेपर्यंतचा वेळ

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बटाटे बिघडतात. बस, एवढंच घडतं. ब्रुसेल्समध्ये राहणारी झान दिलमान नावाची विधवा गॅसवरच्या पातेल्याचं झाकण उचलते, आत बघते आणि काही न सुचून ते पातेलं हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत राहते. ते टेकवायचं कुठे, हेही तिला कळेनासं होतं. पार्श्वसंगीत नाही, चेहऱ्याचा क्लोज-अप नाही, ‘अरे देवा’ म्हणणारं कुणी शेजारी नाही. तरीही पहिल्या दिवसापासून तिच्या सोबत असलेल्या प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. बटाटे जास्त शिजले म्हणून जीव टांगणीला लागावा, असं सिनेमाच्या इतिहासात आधी कुणी घडवलं नव्हतं.

हे घडवणारी दिग्दर्शक तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांची होती. शांताल आकेरमान यांचा जन्म १९५० चा, ब्रुसेल्सचाच. ‘झान दिलमान, २३ के द्यू कोमेर्स, १०८० ब्रुसेल्स’ हा त्यांचा चित्रपट १९७५ साली आला. नाव कसलं, पाकिटावरचा पत्ताच तो! जणू कुणीही तिथे जाऊन बेल दाबावी आणि खात्री करून घ्यावी. लांबी २०१ मिनिटं, म्हणजे तीन तास एकवीस मिनिटं. गोष्ट तीन दिवसांची. झान शाळकरी मुलाबरोबर राहते. स्वयंपाक करते, भांडी घासते, बाजारहाट करते आणि रोज दुपारी एका पुरुषाला घरी घेते. त्याच्याकडून मिळालेले पैसे जेवणाच्या टेबलावरच्या चिनी मातीच्या भांड्यात ठेवून वर झाकण घालते. तिसऱ्या दिवशी तिच्या हातून खून होतो. कथानक म्हणून सांगायचं तर इतकंच सांगता येतं. पण या चित्रपटाचा शेवट आधी कळल्याने काही बिघडत नाही, कारण त्याची सगळी मौज अधल्यामधल्या वेळात आहे.

तो वेळ आकेरमान मोजतात कसा, हे पहिल्याच प्रसंगात दिसतं. झान बटाटे शिजायला ठेवते तोच बेल वाजते. घरात कामाच्या वेळी घालायचा झगा उतरवून ती दार उघडते, आलेल्या पुरुषाची टोपी आणि कोट घेते, दोघं बोळातून शयनगृहात जातात. दार बंद होतं. कॅमेरा बाहेर बोळातच थांबतो. उजेड उतरतो, दार उघडतं, दोघं बाहेर येतात. पुढच्या आठवड्याचं ठरतं, पैसे हातात पडतात. ती स्वयंपाकघरात परत येते तेव्हा बटाटे बरोब्बर शिजलेले असतात. या घरातलं खरं घड्याळ म्हणजे ते पातेलं. गिऱ्हाईक येऊन जाणं हे बटाटे शिजण्याच्या वेळात बसवलेलं एक काम आहे. मुलगा शाळेतून येण्याआधी उरकायच्या यादीतलं आणखी एक. मग खिडकी उघडायची, पलंगावर अंथरलेला टॉवेल काढायचा, अंग खसखसून घासायचं आणि लगेच तोच टबही घासायचा. देहविक्रय या विषयाभोवती सिनेमानं किती धूर, किती सुस्कारे, किती लाल दिवे जमवले आहेत! इथे तो टबच्या सफाईइतका कोरडा आहे, आणि म्हणूनच जास्त अंगावर येतो.

कॅमेरा कुठे ठेवलाय तेही पाहण्यासारखं आहे. छायाचित्रण बाबेत मांगोल्त यांचं. कॅमेरा कमी उंचीवर, समोरासमोर आणि जागच्या जागी खिळलेला. तो झानच्या मागे धावत नाही, तिच्या हातांवर झेपावत नाही. ती चौकटीतून बाहेर गेली तर रिकाम्या खोलीकडे बघत राहतो. झानला एक सवय आहे: खोलीत शिरताना दिवा लावायचा, बाहेर पडताना न चुकता मालवायचा. काटकसरीच्या घरातली बाई ती, वीज कशी वाया जाऊ देईल? पण दिवा मालवला की चौकट काळोखते, आणि बरेचदा कट तिथेच येतो. म्हणजे एका गृहिणीच्या बोटाखालचं बटण चित्रपटाचं संकलन करतंय असा भास होतो. या घरात कधी काय दिसावं आणि कधी काय दिसू नये, हे ती ठरवते. दार बंद करून शयनगृह आपल्यापासून लपवणारीही तीच. पहिल्या दिवशी तिचं हे राज्य निर्वेध चालतं.

मुलगा सिल्व्हाँ येतो. आधी सूप, मग मांस आणि बटाटे. जेवताना वाचू नकोस, इतकंच ती त्याला सांगते. कॅनडातल्या फेर्नांद मावशीचं पत्र ती एका सुरात वाचून दाखवते. मग विणकाम, रेडिओ, जेवणानंतरचा एक फेरफटका. बैठकीच्या खोलीतला सोफा उघडला की मुलाचा पलंग होतो. रस्त्यापलीकडच्या कुठल्याशा निऑन पाटीचा निळा उजेड त्या खोलीत रात्रभर उघडमीट करत राहतो. मायलेकांमध्ये बोलणं मोजकंच, पण दिवे मालवताना मुलगा एकदम बापाबद्दल, लग्नाबद्दल विचारतो. झान उत्तरं देते ती दुसऱ्याच कुणाची हकिकत सांगितल्यासारखी. इथे आई-मुलाच्या प्रेमाचा एकही ‘प्रसंग’ नाही. मात्र सकाळी तो उठायच्या आत त्याच्या खोलीतली शेगडी पेटलेली असते आणि बूट पॉलिश झालेले असतात. प्रेम म्हणा, कर्तव्य म्हणा, सवय म्हणा. आकेरमान त्याला नाव देत नाहीत.

दुसऱ्या दिवशीचं भांडी घासणं मला या चित्रपटातलं सगळ्यात धीट दृश्य वाटतं. झान मोरीशी उभी आहे आणि तिची पाठ आपल्याकडे. उष्टी भांडी दिसत नाहीत, हात दिसत नाहीत, चेहरा तर नाहीच. दिसतात फक्त हलणारी कोपरं आणि झग्याची पाठीवरची गाठ. हे दृश्य चालू राहतं, चालूच राहतं. सुरुवातीला चुळबुळ होते, ‘बरं, कळलं, पुढे?’ असं मनात येतं. मग चुळबुळ ओसरते आणि डोळे वेगळ्या रीतीने काम करू लागतात. पाण्याचा आवाज, भांड्याला भांडं लागण्याचा आवाज, एक लय. घरातल्या मुलाला आई दिसते ती बहुतेकदा अशीच, पाठमोरी. लेकरू मागून काही विचारतं, ती न वळता उत्तर देते. आपल्या लहानपणी आई आणि मावश्या ज्या हालचाली करताना पाहिल्या त्या या चित्रपटात आल्या, असं आकेरमान सांगत असत. ती पाठ त्यातूनच आलेली असणार.

मग ती मांसाचे पातळ काप आधी मैद्यात, मग फेटलेल्या अंड्यात, मग ब्रेडच्या चुऱ्यात घोळवते. सगळं आखीव. मैद्याचा कण सांडत नाही. एवढा वेळ हे पाहिल्यावर आपल्याला तिच्या घराची शिस्त तोंडपाठ होते: कुठली वस्तू कुठे, कशानंतर काय. आकेरमान यांना हेच हवं आहे. कारण त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक येतं, बोळातलं दार बंद होतं, आणि या वेळी काहीतरी बिनसतं. काय ते आपल्याला दाखवलं जात नाही. झान बाहेर येते तेव्हा केस विस्कटलेले असतात. पैसे ठेवून झाल्यावर भांड्यावर झाकण घालायचं राहून जातं. बटाटे तर हाताबाहेर गेलेलेच. घरात दुसरे बटाटे नाहीत. पुन्हा दुकान, पुन्हा सोलणं, आणि आता सुरी चिडल्यासारखी चालते. जेवायला उशीर होतो. तुझे केस विस्कटलेत, असं मुलगा म्हणतो, आणि तेवढंच बोलून गप्प बसतो.

रहस्यपटात दिग्दर्शक आपल्याला आधी बॉम्ब दाखवतो आणि मग पात्रांना निवांत गप्पा मारायला लावतो. आकेरमान यांनी बॉम्बच्या जागी नित्यक्रम ठेवला. तिसऱ्या दिवशी पॉलिशचा ब्रश हातातून निसटतो. झग्याचं एक बटण लावायचं राहतं. धुतलेला चमचा खाली पडतो. झान नेहमीपेक्षा तासभर आधी उठली आहे, त्यामुळे पोस्टाचं दार बंद, दुकान बंद. केलेली कॉफी बेचव लागते, ती ओतून देते आणि पहिल्यापासून पुन्हा करते. खिमा घेऊन कणीक तिंबावी तशी तिंबत बसते, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ. कोटाच्या तुटलेल्या बटणाशी जुळणारं बटण गावभर मिळत नाही. कॅफेतल्या तिच्या ठरलेल्या जागेवर दुसरीच बाई बसलेली. शेजारीण आपलं तान्हं बाळ थोडा वेळ झानकडे ठेवून जाते. आदल्या दिवशी ते पाळण्यात गप्प होतं. आज झान त्याला उचलून घेते तर रडून आकांत करतं. गमतीची गोष्ट, ही शेजारीण पडद्यावर दिसत नाही, दाराआडून नुसता तिचा आवाज येतो. रोज रोज स्वयंपाकाला काय करायचं याचं रामायण सांगणारा तो आवाज खुद्द आकेरमान यांचा आहे.

आणि मग तो रिकामा तास. सगळी कामं उरकली, पुढच्याला अजून अवकाश आहे. झान खुर्चीत बसते आणि काहीच करत नाही. इतका वेळ आपण तिच्या कामांनी कंटाळत होतो. आता ती काम करत नाही म्हणून घाबरतो. नित्यक्रम हा तिचा तुरुंग होता असं म्हणावं तर तो सुटल्यावर तिला मोकळं वाटायला हवं होतं. पण तोच तिला धरून ठेवत होता. या एका बैठकीमुळे चित्रपट ‘घरकामाच्या जाचाविरुद्धचं विधान’ या सोप्या चौकटीतून निसटतो. जाच आहेच. पण त्या हालचालींमध्ये एक आब आहे, कसब आहे, आणि मनात जे येऊ द्यायचं नाही ते दाराबाहेर रोखण्याची युक्तीही आहे. आकेरमान यांची आई नताल्या पोलंडची ज्यू; ती आउशवित्झच्या छळछावणीतून वाचली, तिचे आईवडील वाचले नाहीत. चित्रपटात याचा उल्लेख नाही. तरी ज्या बाईला क्षणभरही रिकामं बसणं परवडत नाही तिच्याकडे लेक इतक्या समजुतीनं का बघते, याचा अंदाज त्यावरून येतो.

शेवटी मावशीचं पार्सल येतं. ते उघडायला आणलेली कात्री शयनगृहात राहते. तिसरं गिऱ्हाईक येतं आणि गिऱ्हाइकाच्या वेळी आजवर बोळात थांबलेला कॅमेरा पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर आत जातो. पुरुषाच्या देहाखाली झानच्या चेहऱ्यावर जे उमटतं तो आनंद की यातना, की नको असताना आलेला आनंद हीच यातना? ती उठते, कपडे घालते, कात्री घेते आणि पलंगावर पडलेल्या माणसावर वार करते. हे सगळं आपण आरशात पाहतो. खून क्षणार्धात उरकतो. त्यानंतर ती अंधारात जेवणाच्या टेबलाशी कितीतरी मिनिटं बसून राहते, हाताला आणि ब्लाउजला रक्त, समोर तेच झाकणाचं भांडं, अंगावर तोच निळा उजेड.

खुनाचा हा शेवट उगाच ओढून आणलेला आहे, असा आक्षेप घेता येतो. इतका वेळ नाट्य टाळलं आणि शेवटी सगळ्यात स्वस्त नाट्याचा आधार घेतला! आक्षेप रास्त आहे, पण मला तो पटत नाही. खून वगळला असता तर चित्रपट ‘काही न घडणाऱ्यांच्या’ सुरक्षित खणात जाऊन पडला असता. आकेरमान खून दाखवतात आणि त्याला बटाटे सोलण्याहून कमी वेळ देतात. गाड्यांची टक्कर, चुंबन, गोळीबार हे सिनेमात वरच्या पंगतीला. भांडी घासणं खालच्या पंगतीलाही नाही. ही उतरंड त्यांना मोडायची होती, आणि दोन्ही गोष्टी एकाच चित्रपटात शेजारी ठेवल्याशिवाय ती मोडली गेली असती का? कात्रीचा वार आपण विसरून जातो. त्या दुसऱ्या दिवसाच्या पातेल्याला विसरत नाही.

या कामगिरीत झानची भूमिका करणाऱ्या देल्फीन सेरिग यांचा वाटा मोठा आहे. १९६१ च्या ‘लास्ट इयर अ‍ॅट मारियनबाद’मध्ये पिसांचा पोशाख घालून महालात वावरणारी ही नटी. तिच्यासारख्या रुबाबदार बाईला कॉफी गाळताना पाहिलं तरच लोक खरोखर बघतील, रोजच्या गृहिणीकडे कोण लक्ष देतं, असा आकेरमान यांचा हिशोब होता. चित्रीकरणाच्या वेळी सामी फ्रे यांनी टिपलेलं दृश्यसाहित्य पुढे माहितीपटाच्या रूपात आलं. त्यात सेरिग प्रत्येक हालचालीमागचं कारण विचारताना दिसतात आणि ही तरुण दिग्दर्शक हालचाल नेमकी कशी हवी, किती सावकाश हवी, याच्यावर अडून बसते. सेरिग स्वतः कडव्या स्त्रीवादी. पुढे ‘स्वा बेल ए ते-त्वा’ या चित्रपटात त्यांनी अभिनेत्रींना त्यांच्या धंद्याबद्दल बोलतं केलं. कॅमेऱ्यामागे मांगोल्त, संकलनाला पात्रिसिया कानिनो. बहुतेक पथक बायकांचं. आणि पडद्यावर येणारी गिऱ्हाइकं कोण? पहिला आंरी स्टोर्क, बेल्जियन माहितीपटांचा आद्य पुरुष. दुसरा जाक दोनिओल-वालक्रोझ, ‘काहिए द्यू सिनेमा’ या गाजलेल्या नियतकालिकाचा सहसंस्थापक. सिनेमातली थोर पुरुष मंडळी टोपी हातात घेऊन झानच्या बोळात उभी! यातला खट्याळपणा लपत नाही.

आकेरमान एका रात्रीत इथवर पोचल्या नव्हत्या. १९६८ साली, अठराव्या वर्षी केलेल्या ‘सोत मा विल’ या तेरा मिनिटांच्या लघुपटात त्या स्वतःच स्वयंपाकघरात कोंडून घेतात, बुटांचं पॉलिश पायांना फासतात, घर विस्कटतात आणि शेवटी गॅसचा स्फोट होतो. तिथे सगळं चुटकीसरशी उडून जातं. सात वर्षांनी तेच स्वयंपाकघर, तेच पॉलिश परत आलं, पण स्फोट तीन तासांवर पसरला. मधल्या काळात त्या न्यूयॉर्कला जाऊन तिथला प्रायोगिक सिनेमा पाहून आल्या होत्या. मांगोल्त यांची गाठ तिथलीच. प्रयोगशील मंडळी वेळ आणि चौकट यांचे खेळ रिकाम्या खोल्यांवर, निसर्गावर करत होती. आकेरमान यांनी त्या खेळात एक बाई आणली, तिच्या हातात बटाटे दिले आणि तिला घरखर्चाची चिंता दिली.

‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेऊन सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी काढतं. ‘बायसिकल थीव्हज’, ‘सिटिझन केन’, ‘व्हर्टिगो’ हे याआधीचे मानकरी. २०१२ च्या पहिल्या शंभरात बायकांनी दिग्दर्शित केलेले चित्रपट होते दोन: हा, आणि क्लेअर देनी यांचा ‘बो त्रावाय’. २०२२ मध्ये मात्र ‘झान दिलमान’ थेट पहिल्या क्रमांकावर आला. पहिला मान मिळवणारा बाईचा हा पहिलाच चित्रपट. राजकीय शहाणपणापोटी दिलेला मान, अशी कुजबुजही झाली. ते पाहायला आकेरमान नव्हत्या. २०१५ मध्येच त्या गेल्या. ‘स्त्री-दिग्दर्शक’ हे बिरूद त्यांना फारसं रुचतही नसे.

कुजबुजीला उत्तर यादीतून मिळत नाही, पुढच्यांच्या चित्रपटांतून मिळतं. टॉड हेन्स यांच्या ‘सेफ’मधली स्वतःच्याच प्रशस्त घरात हरवलेली गृहिणी आणि गस व्हॅन सँट यांच्या ‘एलिफंट’मधल्या शाळेच्या लांबच लांब बोळांतल्या चाली पाहाव्यात, दोघांनीही हे ऋण मान्य केलं आहे. म्हणजे आकेरमान यांनी दिलं ते ‘बायकांचे विषय’ नावाचं वेगळं दालन नव्हे. कुठल्याही विषयाला, कुणाही दिग्दर्शकाला वापरता येईल असं व्याकरण त्यांनी दिलं: आधी वेळ पूर्ण द्या, म्हणजे छोटीशी चूकही भूकंप ठरते. जिओ बेबी यांच्या २०२१ च्या मल्याळम ‘द ग्रेट इंडियन किचन’मध्ये तुंबलेल्या मोरीचं पाणी जेव्हा प्रेक्षकाच्या अंगावर येतं, तेव्हा त्यामागचा तर्कही हाच असतो, जरी तिथले कट झपझप पडतात आणि राग उघड बोलतो.

आपल्याकडे ‘बायको काय करते?’ याचं ‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर अजून सर्रास ऐकू येतं. आपला सिनेमाही बराच काळ तेच म्हणत आला. मुलगी बघायला पाहुणे आलेत, ती आत जाते आणि पुढच्याच क्षणी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येते. कांदा कुणी चिरला, पोहे कधी भिजवले, फोडणी कुणी दिली, ते सगळं कापलेलं. कथेला त्याची गरज नव्हती, असं म्हणतात. ‘झान दिलमान’ पाहिल्यावर हे उत्तर पुरत नाही. कथेची गरज कुणीतरी ठरवलेली असते, आणि आजवर ती कुणी ठरवली हे उघड आहे. दिग्दर्शक बायका आल्याने सिनेमात काय फरक पडला, याचं माप नायिकांच्या संख्येत किंवा पुरस्कारांत शोधायला हरकत नाही. पण त्याहून भरवशाचं माप संकलनाच्या टेबलावर आहे: आजवर जे कापून टाकत आलो, त्यातलं किती ठेवायचं ठरलं.